आजोबा सातबाऱ्यावर सापडतात. आजीला कुठे शोधायचं?

आजोबांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पणजोबांचंही बहुतेकांना सांगता येतं. पण आजोबा पंधरा वर्षांचे असताना काय करत होते, आजी लग्न होऊन आली तेव्हा केवढी होती, तिचं माहेरचं नाव काय, असं विचारलं की घर गप्प होतं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तालुक्यातालुक्यांतल्या रेकॉर्ड रूममधले गठ्ठे सुटले आणि कितीतरी घरांनी पणजोबांच्या नावाचा कागद पहिल्यांदा हातात घेतला. जातीचा रकाना पाहिला, दाखला काढला, कागद फाइलला लावला. त्याच ओळीत पुढे मृत्यूचं कारण लिहिलेलं होतं. ते वाचायचं राहून गेलं.

आजी-आजोबा कसे जगले हे नोंदींमधून कसं शोधायचं, ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे क्रमानं सांगते. एक आग्रह आधीच धरते: शोध दोघांचा एकाच वेळी करा. आजोबांच्या नोंदी भराभर सापडतात म्हणून आपण त्यांच्याच मागे लागतो आणि आजी राहून जाते. तिच्याही नोंदी आहेत, पण त्या बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या नाहीतर भावाच्या नावाखाली लावलेल्या असतात.

पहिली पायरी: हयात माणसं

तहसील नंतर, आधी माणसं. घरात, भावकीत आणि आजीच्या माहेरी ऐंशीच्या पुढचं कोण आहे याची यादी करा आणि याच महिन्यात त्यांना भेटा. कागद थांबतो, माणसं थांबत नाहीत. काकांना जमीन, बांध आणि भांडणं पाठ असतात. घरात काय शिजायचं, कोण कुणाशी बोलत नव्हतं, कुठलं मूल कशानं गेलं, हे आत्याला ठाऊक असतं. म्हणून पहिली भेट आत्याची. आजीची धाकटी बहीण किंवा भावजय हयात असेल तर तिच्याकडे त्याहून आधी जा.

जाताना एखादा जुना फोटो बरोबर न्या. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर विचारून करा आणि मोबाइल तोंडासमोर न धरता बाजूला ठेवून द्या. "आजीचा जन्म कधीचा?" अशी सुरुवात करू नका. साल विचारलं की म्हातारी माणसं चाचरतात आणि "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून विषय मिटवतात. साल विचारू नका, खूण विचारा. पुण्याकडच्यांना पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), सातारा-चिपळूणकडच्यांना कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), कोकणातल्यांना गटारी अमावास्येला बुडालेली रामदास बोट (१७ जुलै १९४७), मराठवाड्यात रझाकार आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन. नागपूर-विदर्भातल्या बौद्ध घरांत १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख अशी आहे की "दीक्षेच्या आधी की नंतर?" एवढं विचारलं तरी पुढचं सगळं आपोआप येतं. बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी तर सगळीकडेच आठवतो. फार जुन्या पिढीच्या गोष्टीत "मानमोडी" आली तर ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ समजा.

"भूकंपाला तुझा बाप पाळण्यात होता" एवढ्या एका वाक्यातून जन्मसाल मिळतं. मग विचारा: त्याच्या आधीची किती? त्यातली राहिली किती? आजीच्या आयुष्याची वर्षं अशी तिच्या बाळंतपणांवरून लागतात, आणि हा प्रश्न सहसा तिच्या मुलांनीही तिला विचारलेला नसतो.

आणखी काही प्रश्न न विसरता विचारा. आजीचं माहेरचं नाव आणि आडनाव, माहेरचं गाव आणि तालुका. पहिलं बाळंतपण कुठे झालं? मुंबईला पहिल्यांदा आली तेव्हा कुणाच्या खोलीत उतरली? तिला सवत होती का, किंवा आजोबांचं हे दुसरं लग्न होतं का? हा शेवटचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, जेवणं झाल्यावर, बाकीची मंडळी उठून गेल्यावर विचारावा.

दुसरी पायरी: घर चाळा

पेटी, पोटमाळा, देवघराचं कपाट, गादीखालची पिशवी. काय शोधायचं? जन्मपत्रिका किंवा टिपण, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, भाडेपावत्या, पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरची कुपनं, सोसायटीचं पासबुक, फोटोंच्या मागच्या बाजू. दुखवट्याची पत्रं शोधू नका. ती वाचून लगेच फाडून टाकायची पद्धत होती, त्यामुळे घरात लग्नाचे कागद सापडतात आणि मृत्यूचे सापडत नाहीत.

मनीऑर्डरच्या कुपनांना विशेष जपा. गिरणीत, रेल्वेत किंवा पोलिसात असलेला आजोबा गावाकडे पैसे पाठवायचा तेव्हा फॉर्मच्या तळाशी मजकुराला बोटभर जागा असायची. "म्हैस विकू नये. बाबांच्या पायाला तेल लावणे." रक्कम, तारखेचा शिक्का आणि हा एवढा मजकूर. ओळीनं दोन-तीन वर्षांची कुपनं मिळाली तर कुठल्या महिन्यात पैसे आले नाहीत तेही कळतं, आणि मग त्या महिन्यात काय झालं होतं हे आत्याला विचारता येतं.

आता भांडी. मला विचाराल तर आजीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा स्वयंपाकघरात असतो आणि आपण तो मोडीत घालतो. तांब्याचा हंडा, पितळी परात, पिंप, कळशी, लोटी यांच्या काठावर बारीक टिंबांनी कोरलेली नावं बघा. लग्नात आंदण दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याचदा नातं असतं ("मामांकडून", "आत्याबाईंकडून"), गाव असतं आणि पुष्कळदा तारीखही. एका परातीवर आजीच्या मामाचं नाव, गाव आणि लग्नाचा दिवस मिळू शकतो. या तीन गोष्टी कुठल्याही सरकारी कचेरीत एकत्र मिळायच्या नाहीत. अक्षरं झिजली असतील तर चिंच लावून घासू नका, आणखी झिजतील. संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च अगदी तिरपी धरा. टिंबांच्या सावल्या पडतात आणि अक्षर उठून दिसतं. त्याच उजेडात फोटो घ्या. घरात वाटण्या झाल्या असतील तर भांडी चुलत्यांकडेही गेलेली असतात, तीही बघून या.

हीच नजर घेऊन गावातल्या देवळात जा. पायरीवर, फरशीवर, घंटेवर, पंख्याच्या पात्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशी नावं असतात. आजीच्या नावाची फरशी तिच्या माहेरच्या देवळात भावानं बसवलेली असू शकते.

तिसरी पायरी: तिथी आणि शके

घरात तारीख नसते पण तिथी असते. आजोबांचं श्राद्ध कधी करता, हे आई किंवा काकू लगेच सांगतील. मात्र दोन श्राद्धांत गल्लत होऊ देऊ नका. वर्षश्राद्ध मृत्यूच्या महिन्यात आणि तिथीला होतं, म्हणून त्यातून महिना, पक्ष, तिथी सगळं मिळतं. पितृपक्षातलं श्राद्ध भाद्रपद वद्यात फक्त तिथी जुळवून होतं, म्हणून त्यातून मृत्यूचा महिना कळत नाही. आजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर तिथीही कळत नाही. पण ती आजोबांच्या आधी, सवाष्ण गेली, हे पक्कं कळतं.

महिना-तिथी मिळाली आणि मृत्यूचं वर्ष दोन-तीन वर्षांच्या अंतरात सांगता आलं, की जुन्या पंचांगावरून संभाव्य तारखा काढता येतात. मग त्या तारखांच्या आसपासच मृत्यू नोंदवही चाळायची. एवढ्यानंच अख्खी दुपार वाचते.

जन्मपत्रिकेत शके लिहिलेलं असतं. शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. आकडा पुसट असेल तर शेजारी संवत्सराचं नाव बघा. साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं आहे: शके १८४९ प्रभव होतं, म्हणजे १९२७-२८, आणि तेच पुन्हा शके १९०९ ला, १९८७-८८ मध्ये आलं. आजीच्या पत्रिकेत "प्रभव" वाचता आलं तर आकडा पुसट असला तरी वर्ष ठरतं. निजामाच्या राज्यातल्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवा आणि एखादं वर्ष इकडेतिकडे धरा. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९.

चौथी पायरी: शाळा

गावच्या प्राथमिक शाळेतलं जनरल रजिस्टर हा सरकारी कागदांतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मायेचा कागद. आजची जिल्हा परिषदेची शाळा पूर्वी लोकल बोर्डाची किंवा संस्थानची असेल, पण जुनी रजिस्टरं बहुधा त्याच शाळेच्या कपाटात असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, नातं सांगा आणि शाळेच्या कामाच्या धांदलीत जाऊ नका. दाखल तारीख, जन्मतारीख, जात, जन्मगाव, आधीची शाळा, कुठल्या इयत्तेतून सोडली, सोडण्याचं कारण आणि वर्तणूक, एवढं एका ओळीत मिळतं.

जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली समजा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि मुलाचं वय अंदाजानं लिहिलं जायचं. त्या तारखेवर वाद घालण्यापेक्षा सोडण्याचं कारण बघा. "गैरहजर", "परगावी गेला", "घरकाम". "परगावी गेला" याच्या समोरची तारीख हीच बहुतेकदा आजोबांच्या मुंबईच्या आयुष्याची सुरुवात असते. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल पास झाले असतील तर पुढे मास्तर किंवा तलाठी होण्याची वाट मोकळी होती. मग सेवापुस्तक शोधायला लागा.

आजी शाळेत गेलीच नसेल असं गृहीत धरू नका. तिच्या माहेरच्या गावच्या शाळेत आणि जवळच्या कन्याशाळेत, तिच्या माहेरच्या नावानं बघा. दोन इयत्ता शिकून शाळा सुटलेली असेल, पण त्या ओळीत तिचं स्वतःचं, लग्नाआधीचं नाव शाईनं लिहिलेलं असतं.

पाचवी पायरी: सातबारा आणि फेरफार

इथे मात्र सावकाश जा. जमीन होती अशा घरांसाठी सगळ्यात जास्त माहिती याच कागदांत आहे. आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पण तो फक्त दार आहे. आपल्याला जुना, हातानं लिहिलेला सातबारा हवा. त्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफार नंबर. त्या नंबरचा फेरफार (गाव नमुना ६) काढा. त्यात जमीन कुणाकडून, कशी आली ते असतं आणि आधीच्या माणसाचं नाव असतं. त्या नावाचा फेरफार काढा. असं एकेक मागे जात राहायचं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन महसूल खात्याच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर आलेले आहेत, तिथे गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाकून आधी बघा. तिथे नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. अर्जात "आजोबांचे सर्व कागद" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. मौजे, तालुका, सर्व्हे नंबर आणि फेरफार नंबर, एवढं नेमकं लिहा.

जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे आजच्या गट नंबरावरून जुना कागद सापडत नाही. जुना-नवा नंबर जुळवणारा तक्ता तलाठ्यांकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. सुरुवातीलाच तो बघून घ्या.

आता वाचायचं कसं. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम", "मर्द" किंवा "भ्र." दिसलं की तिथे बाई आहे आणि पुढचं नाव तिच्या नवऱ्याचं. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: थोरल्या भावाचं नाव लागलं, धाकटे त्याच्या पोटात. आजोबांचं नाव कुठेच नाही म्हणून जमीन नव्हती असा निष्कर्ष काढू नका. थोरल्या चुलत आजोबांच्या नावाखाली ते असतील. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार मेला, मुलं लहान, तेव्हा मुलाच्या नावापुढे "अ.पा.क. आई" आणि तिचं नाव येतं. पंचविशीत विधवा झालेली पणजी अशी भेटते. पुढे मुलगा सज्ञान झाल्याचा फेरफार होऊन तिचं नाव कमी होतं. या दोन फेरफारांच्या तारखांमधली वर्षं तिनं एकटीनं घर चालवलेलं असतं. दोन्ही नकला काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा.

वर्षांवरही लक्ष असू द्या. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषकदिन. फेरफारात "३२ ग" हे त्या कायद्याचं कलम दिसलं तर कूळ म्हणून कसणाऱ्या आजोबांना जमीन मिळाल्याची ती नोंद आहे. किंवा आपल्या घराची जमीन कुळाकडे गेल्याची. दोन्ही बाजूंच्या घरांत या नोंदीबद्दल अजून दुखरेपणा असतो, तेव्हा कागद घेऊन गावात मिरवू नका. महार वतनाच्या आणि इतर कनिष्ठ वतनांच्या, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल मिळालेल्या जमिनी १९५८ च्या कायद्यानं खालसा (सरकारजमा) होऊन नजराणा भरून परत दिल्या गेल्या. त्या फेरफारांत वतनदार घरांची नावं एकत्र येतात आणि ज्यांच्याकडे दुसरी जमीनच नव्हती अशा घरांची वंशावळ तिथेच जुळते.

जमीन अजिबात नसलेल्यांनी या पायरीवर खट्टू होऊ नये. ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा (नमुना ८), शाळेचं रजिस्टर आणि पुढची जन्म-मृत्यू नोंदवही यांत तुमचं घर आहे.

सहावी पायरी: जन्म-मृत्यू

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या गावातल्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ही पुस्तकं आता बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आणि कुणबी नोंदींच्या शोधात त्यातली बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. तुम्हाला दाखला नको असला तरी ती पानं बघायला हरकत काही नाही.

जन्माच्या ओळीत बापाचं नाव असतं, मूल मुलगा की मुलगी ते असतं. बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारशाच्या आधी नोंद झालेली असते. म्हणून नाव शोधू नका, बाप आणि तारीख शोधा. आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे विसरू नका. थोरल्या काकांची किंवा थोरल्या आत्याची जन्मनोंद आजोळच्या गावच्या पुस्तकात असणार. आपल्या गावी ती सापडत नाही म्हणून कितीजण सोडून देतात, आणि ती पलीकडच्या तालुक्यात असते.

मृत्यूच्या ओळीत कारण असतं: ताप, खोकला, देवी, पटकी (कॉलरा), प्लेग, बाळंतपण. तुमच्या घरचा माणूस सापडला की तेवढ्यावर पान मिटू नका. वरच्या आणि खालच्या वीस ओळी वाचा. एकाच आठवड्यात पटकीनं गेलेली दहा-बारा माणसं एकाखाली एक दिसली, तर आजीनं गाव सोडून माहेरी का धाव घेतली होती ते समजतं.

काही पुस्तकं मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या लिखापढीत मोडी सर्रास होती. नावं आणि गावं ओळखण्यापुरती मोडी थोड्या सरावानं येते, त्यासाठी चांगले वर्गही चालतात. पुण्यात १९१० पासून असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी जाणणारी माणसं भेटतात. अख्खा दस्त वाचून घ्यायचा असेल तर जाणकाराला रीतसर मोबदला द्या.

सातवी पायरी: गाव सोडून गेलेले

आजोबा गिरणीत होते? तर आधी घरातच विचारा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज करताना कुणीतरी फाइल जमवलेली असते: तिकीट, हजेरीचा दाखला, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, कामगार विम्याचं कार्ड. बदली कामगाराचं कार्ड मिळालं तर आजोबा रोज सकाळी गिरणीच्या दारात काम मिळेल या आशेनं उभे राहत, हे त्यातून कळतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतरच्या कागदांत खंड पडतो आणि गावाकडच्या कागदांत हालचाल दिसते, जमीन गहाण पडते किंवा आजी पुन्हा गावच्या रेशनकार्डावर येते. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची मुंबईत मंडळं होती, एकेका खोलीत एकेका गावची माणसं राहायची. त्या मंडळांच्या वर्गणीच्या आणि सभांच्या वह्या आजही कुणा जुन्या चिटणीसाच्या घरी असतात. गिरणीतल्या बायका विशेषतः वाइंडिंग-रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात असायच्या. आजी तिथे होती का, हे स्पष्ट विचारा, कारण "ती घरीच होती" असं सांगायची सवय असते.

फौजेत होते? पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. पलटण, क्रमांक, तारीख, पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही मिळतं. नाव रोमन लिपीत वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असतं, तेव्हा चार-पाच तऱ्हेनं टाकून बघा. पहिल्या महायुद्धात ११० आणि ११७ मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकल्या होत्या, त्यामुळे इराकमधल्या बसरा स्मारकाच्या यादीत मराठी नावं पुष्कळ आहेत. जे परत आले त्यांच्यासाठी पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज कसा करायचा ते सांगतं. आणि पेन्शनचं पुस्तक. त्यात नवरा-बायकोचा एकत्र फोटो असतो आणि आजोबांनंतर कौटुंबिक पेन्शन आजीच्या नावानं सुरू झालेली असते. तिचं पूर्ण नाव, वय, सही किंवा अंगठा एका ठिकाणी मिळण्याची ही हमखास जागा.

मॉरिशसला गेलेल्या मराठी घरांच्या वंशजांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, आगमनाचे दस्त जपलेले आहेत. गाव आणि तालुका तिथून मिळाला की इकडचा शोध वर सांगितल्याप्रमाणेच.

आठवी पायरी: उपाध्ये, भाट आणि हेळवी

नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशीला, गयेला आपल्या घरचं कुणी जाऊन आलेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद असते. गाव आणि आडनाव सांगून "आमचे उपाध्ये कोण?" एवढं विचारलं की योग्य घर दाखवतात. नाशिकला रामकुंडावर विचारा. कोण, कधी, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, हे या वह्यांत आहे, आणि श्राद्धात आई-आजी-पणजीचीही नावं घ्यावी लागत असल्यानं बायकांची नावं इथे टिकली आहेत. दक्षिणा द्या, पानाचा फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि आपल्या घरची पुढची नोंद स्वतःच्या हातानं लिहून या, लेकी-सुनांच्या नावांसकट.

कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात, काही भागांत हेच काम भाट करतात. ते सांगत असताना लिहून घ्या. तोंडी वंशावळीत पिढी गळते किंवा मोठेपणाची भर पडते, म्हणून फेरफाराशी ताडून बघा.

मराठवाडा आणि गोवा

मराठवाड्यात जुने महसुली कागद उर्दूत आहेत आणि कागदांची नावंही वेगळी आहेत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, अशा नावांनी तहसीलमध्ये मागा. सातबारा मागत राहिलात तर १९५० च्या मागे जाता येणार नाही. गावात उर्दू वाचणारे जुने मास्तर किंवा मौलवीसाहेब असतील तर त्यांची मदत घ्या.

गोव्यात काम त्या मानानं सोपं. पोर्तुगीज राजवटीत १९१४ पासून नागरी नोंदणी सक्तीची झाली, त्यामुळे जन्म, लग्न, मृत्यू, तिन्हींच्या नोंदी पोर्तुगीजमधून मिळतात आणि त्यांत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं येतात. कोमुनिदादीचे (गावकीच्या सामाईक जमिनींचे) आणि देवस्थानांच्या महाजनांचे दस्त त्याला जोड देतात. त्याहून मागे जायचं असेल तर पणजी शहरातलं पुराभिलेख खातं.

कागद एकमेकांशी भांडतात तेव्हा

भांडणारच. शाळेत आजोबा १९२८ चे, पेन्शनला १९३०, पत्रिकेत शके १८४९. एकाला खरं म्हणून बाकीचे फेकू नका. प्रत्येक कागद कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला ते पाहा. जन्माच्या वेळी घरात लिहिलेली पत्रिका सहसा सरस. नोकरीसाठी लिहिलेलं वय सहसा कमी. वहीत तिन्ही लिहा, शेजारी कागद कुठे पाहिला ते लिहा. जुना कागद लॅमिनेट करू नका, तो त्यानं कायमचा खराब होतो. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता घ्या आणि फाइलला गाव, कागद आणि वर्ष असं नाव द्या.

दडवलेलं काही सापडेल: पहिली बायको, लहानपणी गेलेली मुलं, कर्ज, खटला. जे हयात आहेत त्यांच्याशी बोलल्याशिवाय ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

शेवटची पायरी: आजीचं माहेर

नाव, गाव, तालुका हातात आलं की आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्या गावात पुन्हा चढा. तिथे मुख्य कागद एकच: तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार, आणि त्याच्या जोडीला वारसनोंदीची वही, नमुना ६ क. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही वारस म्हणून लागू लागली, सासरच्या आडनावासकट आणि पुष्कळदा गावासकट. बऱ्याच ठिकाणी ती मुद्दाम वगळलेली दिसतात, हेही खरं. तसं असेल तर भाऊ वारल्यानंतरचे किंवा जमीन विकतानाचे फेरफार बघा, तिथे ती सहीसाठी पुन्हा हवी असते. आजीच्या बहिणी कुठल्या घरांत गेल्या हे इथूनच कळतं, आणि आजवर ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं अशी मावसभावंडं सापडतात.

त्यानंतर थोड्याच काळानं बहुधा दुसरा फेरफार येतो: बहिणींनी भावांच्या हक्कात हक्कसोडपत्र करून दिलं. त्या फेरफारात दस्ताचा क्रमांक, तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव असतं. तेवढं टिपून घ्या, त्या कार्यालयात प्रमाणित नकलेचा अर्ज करा आणि मूळ दस्त माहेरच्या घरात कुणाकडे आहे तेही विचारा. त्यात आजीचं वय, धंदा ("घरकाम" लिहिलेलं असलं तरी ती शेतात राबलेली असते), राहण्याचं ठिकाण आणि नवऱ्याचं नाव असतं. कुणी ओळख पटवली, किती रुपये दिले किंवा दिले नाहीत, हेही असतं. मूळ दस्ताच्या शेवटच्या पानावर तिची सही असेल, किंवा "निशाणी डावा अंगठा" आणि शेजारी शाईचा ठसा. त्या पानाचा फोटो वेगळा घ्या आणि वहीत आजीच्या नावाचं पान तिथून सुरू करा.